शकुंतलेची अंगठी आणि टिलरची रिंग

ज्याच्या घरी जुना पॉवर टिलर आहे त्याला रविवार नसतो, असं आमच्याकडची वडीलधारी मंडळी सांगतात आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नसतो. टिटवाळ्याच्या आसपासच्या कुठल्याही वाडीत रविवारी सकाळी एक फेरी मारून बघा. पडवीत, जांभळाखाली नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये एके काळी लाल असलेला लोखंडी ऐवज उघडा पडलेला दिसेल. त्याच्याभोवती चार पुरुष उकिडवे बसलेले असतील आणि पाचवा उभा राहून सल्ला देत असेल. बसलेल्या चौघांचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले असतात. पाचव्याचा शर्ट इस्त्रीचा असतो. तो हमखास घरचा जावई निघतो.

ज्यांनी टिलर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन चाकं, दोन लांब दांडे, पुढे एका सिलिंडरचं आडवं डिझेल इंजिन आणि मागे फिरती पाती. माणसाने दांडे धरून मागून चालायचं. अमेरिकेत याचा श्रीमंत चुलतभाऊ असतो, त्याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. जॉन डीअर कंपनीने 1963 साली 110 नावाचा असा एक छोटा ट्रॅक्टर काढला. तिथली माणसं अशा ट्रॅक्टरवर बसून घराभोवतीचं गवत कापतात. गाय नाही, म्हैस नाही, तरी गवत वाढवायचं आणि दर शनिवारी यंत्रावर बसून कापायचं. मी हे सांगितल्यावर आमच्या आळीतल्या एका आजींनी विचारलं, "मग वाढवतात कशाला?" जॉन डीअरने याचं उत्तर दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

माती नांगराने ओढत फाडण्याऐवजी फिरत्या पात्यांनी उकरावी, ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या पोराला 1912 च्या सुमारास सुचली. तिचं सोनं केलं जपानने, कारण भाताची खाचरं त्यांचीही आपल्याइतकीच चिंचोळी. पुढे बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीने 1967 मध्ये मित्सुबिशीचा हात धरला, केरळ सरकारच्या कॅम्कोने 1973 मध्ये कुबोटाचं तंत्र घेतलं आणि जपानी टिलर भारतीय चिखलात उतरला. आपल्याकडे लोकांनी त्याचं स्वागत बऱ्यापैकी केलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून तो कोणी घेईना. टिलरच्या वेळेपर्यंत लोकांना कळून चुकलं होतं, की लोखंडाने जमिनीचं काही बिघडत नाही. जे काय बिघडायचं ते लोखंडच बिघडतं.

आमच्या भागात टिलर रुजला तो बांधांमुळे. काळू नदीच्या दोन्ही अंगांना खाचरं अशी तुकड्यातुकड्यांची, की मोठा ट्रॅक्टर आत गेला तर वळताना शेजाऱ्याचा बांध घेऊनच वळतो आणि मग प्रकरण कल्याणच्या कोर्टात वळतं. टिलर मात्र जागच्या जागी फिरतो. त्याची मोबदल्यात मागणी एकच, मालकाने चालावं. टिलरची पाती साधारण दोन फूट रुंद माती उकरतात. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. हिशेब केलात तर एक एकर एकदा फिरवायला माणूस पावणेसात किलोमीटर चालतो. म्हणजे टिटवाळा स्टेशनावरून निघून, आंबिवली मागे टाकून, जवळपास शहाड गाठतो. तेही गुडघाभर चिखलातून, आणि भाताच्या चिखलणीला एकदा फिरवून भागत नाही. टिलरवाल्या शेतकऱ्याला डॉक्टर सकाळी चालायला सांगत नाहीत, त्याचं कारण हे.

आमच्या घरचा टिलर आमचे थोरले चुलतभाऊ आण्णा यांचा. आण्णा रेल्वेत फिटर होते. आयुष्यभर त्यांनी हजारो अश्वशक्तीची इंजिनं खोलली आणि जोडली, आणि त्या इंजिनांनी मुकाट्याने गाड्या ओढल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी जेमतेम बारा-तेरा अश्वशक्तीचा हा टिलर घेतला आणि तेव्हापासून त्यांना म्हातारपण म्हणून आलेलं नाही. टिलर कोणत्या कंपनीचा हे नक्की सांगता येत नाही. नाव रंगाच्या कितव्या तरी थराखाली आहे. इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, हँडल तिसऱ्याचं आणि टाकीचं झाकण म्हणून स्टीलची वाटी आहे. ती वाटी वहिनींची. तिच्या जोडीच्या उरलेल्या पाच वाट्या वहिनी पाहुण्यांसमोर काढतात तेव्हा आण्णा पाण्याचं निमित्त करून उठतात.

टिलरचं वर्ष मृगाच्या आधी सुरू होतं. रोहिणीत ढग दिसायला लागले की वाडीतल्या सगळ्या निळ्या ताडपत्र्या एकाच रविवारी निघतात आणि त्यांच्याखाली सहा-सात महिने कोण कोण नांदलं ते उघडकीला येतं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं. एअर क्लीनरमध्ये उंदरीण बाळंत झालेली असते. बेल्टच्या पत्र्याखाली कोंबडी अंड्यावर बसलेली असते आणि ती उठेपर्यंत काम पुढे जात नाही, कारण कोंबडी वहिनींची आणि निकाल आधीच लागलेला. शास्त्राप्रमाणे पाहिलं तर यातलं काहीही व्हायला नको. हंगाम संपला की ऑइल बदलावं, रेडिएटरमधलं पाणी काढावं, टाकी डिझेलने काठोकाठ भरावी म्हणजे आत दव धरत नाही, बेल्ट सैल करावेत, चाकांखाली विटा लावाव्यात आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनला आणून ठेवावा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहिले की सिलिंडरमध्ये दमट हवा शिरत नाही. आण्णांना हे सगळं तोंडपाठ आहे. दर नोव्हेंबरात ते अख्ख्या आळीला हे शिकवतात. शिकवून होईपर्यंत संध्याकाळ होते आणि मग नुसती ताडपत्री टाकतात.

मग येतो हँडल मारण्याचा विधी. डाव्या हाताने डीकॉम्प्रेशनचा खटका दाबायचा, त्याने व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि पिस्टन हलका होतो. उजव्या हाताने हँडल फिरवायचं. फ्लायव्हीलने वेग धरला की खटका सोडायचा. इंजिनाने मनावर घेतलं तर ते पेटतं. नाही घेतलं तर गप्प बसतं. आणि फारच मनावर घेतलं तर उलटा मारतं, म्हणजे हँडलसकट माणसाला मागे फेकतं. म्हणून जुने लोक हँडल धरताना अंगठा बोटांच्या पलीकडे वळवत नाहीत, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवतात. उलटा आला तरी हँडल हातातून सुटून जातं, अंगठा शाबूत राहतो. अंगठा लावतो तो अडाणी आणि न लावतो तो शिकलेला, ही व्याख्या साक्षरतेच्या मोहिमेतही होतीच. टिलर तिची परीक्षा दरसाल घेतो.

इंजिन पेटलं की धूर येतो आणि धुरावर मतभेद येतात. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा कुठून तरी पाणी शिरलंय. आळीत या तिन्ही रंगांचे तीन पक्ष आहेत. काळ्या धुराचा पक्ष एअर क्लीनर खोलायला बसतो, निळ्याचा पक्ष हेड खोला म्हणतो आणि पांढऱ्याचा पक्ष नोझल काढून हातात घेतो. आमचा टिलर सुरू होताना पांढरा, जोर लावला की काळा आणि मोकळा सोडला की निळा धूर देत असल्यामुळे तिन्ही पक्ष कायम सत्तेत असतात. विरोधात फक्त वहिनी, कारण दोरीवरचे कपडे त्यांचे.

धूरसुद्धा आला नाही, तर मात्र सगळे पक्ष एकमुखाने म्हणतात, "हवा धरली." डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला की बारा अश्वशक्ती निकामी होते. तो काढताना आण्णांकडे बघत राहावं. फिल्टरवरचा बोल्ट ते दोन आटे ढिला करतात. आधी फेस येतो, मग फेसात मिसळलेलं डिझेल, मग बुडबुड्यामागून बुडबुडे, आणि शेवटी बोटांवरून सलग, काचेइतकी स्वच्छ धार. धार वाहती असतानाच बोल्ट आवळायचा, थांबल्यावर नाही. मग पंपाकडून नोझलकडे जाणारी बारीक नळी ढिली करायची, पुतण्याने हँडल फिरवायचं आणि थेंब उसळला की नळी आवळायची. शेवटी पुन्हा हँडल. या वेळी पोटातल्या बाळाचे ठोके डॉक्टरांनी ऐकावेत तसे आण्णा सिलिंडर-हेडला कान लावून बसतात. आतून एक चिरका 'क्रीक' येतो. "बोललं!" आण्णा ओरडतात. नोझल बोललं म्हणजे डिझेल फवाऱ्याने आत पडतंय. त्यांच्या स्वतःच्या मुलाने पहिला शब्द उच्चारला तेव्हा आण्णा ड्यूटीवर होते, ही हकीकत वहिनी बरोबर याच वेळी सांगतात.

मागल्या हंगामात नोझल बोलूनही इंजिन पेटलं नाही. खटका न दाबताच हँडल सहज फिरायला लागलं. हे लक्षण वाईट. आण्णा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "कॉम्प्रेशन नाही. रिंगा गेल्या."

आता टिटवाळ्याचं महात्म्य ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. इथे कण्व मुनींचा आश्रम होता, शकुंतला इथली, आणि दुष्यंताने टाकल्यावर तिने इथल्या गणपतीची आराधना केली, अशी इथली आख्यायिका. म्हणून याला विवाहविनायक म्हणतात आणि अडलेली लग्नं जुळावीत म्हणून लोक लांबून येतात. शकुंतलेची अंगठी नदीत पडली आणि राजा तिला ओळखेनासा झाला. आमच्या इंजिनाची रिंग झिजली आणि ते डिझेल ओळखेनासं झालं. तिची अंगठी माशाच्या पोटात सापडली. आमच्या रिंगेचा एक तुकडा ऑइलच्या चेंबरमध्ये सापडला. कोळी नसला तरी चेंबरमध्ये हात घालून तो काढणारा पुतण्या होता, आणि त्याला राजाकडून बक्षीस मिळालं नाही एवढाच फरक.

नवीन रिंगा कल्याणला मिळतात. पण टिलरच्या सामानाच्या दुकानात नुसतं नाव सांगून भागत नाही. "सॅम्पल आणलंय?" हा पहिला प्रश्न असतो. म्हणून पिस्टन, रिंगा, एक दात तुटलेला गिअर आणि 'असू दे' म्हणून एक बेअरिंग कापडी पिशवीत भरून मी लोकलने निघालो. जाताना गाडी मोकळी होती. येताना पंचाईत झाली, कारण त्या दिवशी अंगारकी होती आणि हे आण्णांनी मला सांगितलं नव्हतं. कल्याणला डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हार, दूर्वा, नारळ आणि त्यांच्यामध्ये माझी पिशवी. दुकानदाराने जुना गिअर परत दिला होता, त्याचं ऑइल हळूहळू कापडातून उतरत होतं.

"काका, तुमचा प्रसाद गळतोय," एक मुलगी म्हणाली.

"तूप जरा जास्त पडलंय वाटतं," तिच्या आईने समजुतीने सांगितलं.

दाराशी उभ्या असलेल्या भाजीवाल्याने मात्र पिशवीत डोकावून पाहिलं आणि लगेच विचारलं, "टिलर कुठला? चायना असेल तर विका." मग आंबिवलीपर्यंत डब्यात चर्चा झाली. मालडब्यात न बसताही मला कळलं, की कसारा लाइनवर दर तिसऱ्या घरात कोणाच्या ना कोणाच्या काकांचा टिलर उघडा पडलेला आहे. चायना टिलरवाल्यांचं दुःख सगळ्यांत मोठं. 2020 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने टिलर आणि त्याच्या सुट्या भागांच्या आयातीवर निर्बंध घातले आणि त्यांच्या गिअरबॉक्सना पोरकेपण आलं. तेव्हापासून दुकानदार अशा गिऱ्हाइकाला मुळातच आशा दाखवत नाहीत. "हा लागेल का?" असं विचारलं की उत्तर येतं, "लावलात तर लागेल." उरलेलं काम कानशीने करायचं, हे त्यात गृहीत असतं.

घरी दुरुस्ती करणाऱ्याचं खरं वर्कशॉप स्वयंपाकघर असतं. बेअरिंग घट्ट बसतं ना, मग घराला गरम करायचं आणि बेअरिंगला गार करायचं. एक फुगतं, एक आकसतं आणि हातोडी न मारता बेअरिंग हळूच जागेवर बसतं. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने यात चूक काढता येत नाही. आण्णांनी गिअरचं घर वहिनींच्या शेगडीवर तापायला ठेवलं आणि बेअरिंग पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवलं, मटारच्या शेजारी. संध्याकाळी व्याही आले. सरबतासाठी बर्फ काढायला सूनबाई गेली आणि दोन्ही हातांत बेअरिंग घेऊन बाहेर आली.

"मामंजी, हे खायचं आहे?"

"त्याला हात लावू नको, तापेल!" आण्णा ओरडले. व्याह्यांनी सरबत बिनबर्फाचं चालेल म्हणून सांगितलं.

पॅकिंगचं काम मात्र आण्णा कोणावर सोपवत नाहीत. इंजिनाच्या दोन भागांमध्ये कागदाचं पॅकिंग असतं, त्याने ऑइल गळत नाही. बाजारात तयार मिळतं, पण आण्णांचा त्याच्यावर विश्वास नाही. त्यांचा विश्वास लग्नपत्रिकांवर. टिटवाळ्याच्या आसपास आता जमिनींना भाव आल्यापासून पत्रिका अशा जाड निघतात, की एका पत्रिकेत तीन झाकणांची पॅकिंग होतात. पत्रिका झाकणावर ठेवायची, छोट्या हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने टकटक मारत जायचं, म्हणजे झाकणाची धारच कागद कापते आणि बोल्टची भोकंही आपोआप पडतात. मग ग्रीस लावून बसवायचं. आमच्या टिलरच्या बाजूच्या झाकणातून अजून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढी अक्षरं सोनेरी शाईत बाहेर डोकावतात. त्या जोडप्याचं सध्या कोर्टात चालू आहे. पॅकिंगमधून मात्र थेंब गळत नाही.

या सगळ्याची नोंद कुठे असते? पुस्तकात किती तासांनी ऑइल बदलायचं ते दिलेलं असतं, पण तास मोजायचं मीटर टिलरवर होतं की नव्हतं याचाच आता पुरावा नाही. नोंद असते वहिनींच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर. दुधाच्या खाड्यांच्या रांगेत मध्येच 'ऑइल बदलले', गॅस सिलिंडर आल्याच्या तारखेखाली 'बेल्ट 2 नवे, 1 जुनाच'. त्या कधी टिलरला हात लावत नाहीत. पण तिन्ही पक्ष भांडून दमले की त्या स्वयंपाकघरातून सांगतात, "मागल्या पोळ्याला असंच झालं होतं, तेव्हा टाकीतल्या जाळीत कचरा निघाला." जाळी काढतात. कचरा निघतो. मग आण्णा म्हणतात, "मी तेच म्हणणार होतो."

दुरुस्त झालेला टिलर शेतावर न्यायचा, हा शेवटचा अंक. सपाटीवर टिलर शहाण्याने वागतो. दोन दांड्यांवर दोन खटके असतात. उजवा दाबला की उजव्या चाकाचा जोर सुटतो, डावं चाक ढकलत राहतं आणि टिलर उजवीकडे वळतो. एवढं लहान पोराला कळतं. पण आमच्या घरापासून खाचरापर्यंत उतार आहे आणि उतारावर हाच टिलर पक्षांतर करतो. इंजिन आता चाकांना ढकलत नसतं, मागे धरून ठेवत असतं. उजवा खटका दाबला की उजवं चाक मोकळं होऊन पुढे पळतं, डावं अडून राहतं आणि टिलर थेट डावीकडे जातो. म्हणून उतारावर डावीकडे वळायचं तर उजवा दाबायचा, किंवा खटक्यांना हातच न लावता दांडे रेटून वळवायचं. हे नियम पुतण्याला पाठ होते. पण उताराच्या मध्यावर समोर सरपंचांच्या मेव्हण्याची नवी मोटार आली आणि पाठांतर गेलं. मोटारीला काही झालं नाही. टिलर शेजाऱ्यांच्या भेंडीच्या वाफ्यात शिरला, पाती चालू होती, आणि दोन मिनिटांत त्याने कोणीही न सांगता उत्तम मशागत करून ठेवली. त्या हंगामातलं त्याचं तेवढंच काम.

कारण भाताचं शेत त्याआधीच नांगरून झालं होतं. रिंगांची वाट बघत पाऊस थांबत नाही. आवण तयार झालं होतं, लावणीच्या बाया ठरल्या होत्या, म्हणून आण्णांनी गुपचूप तासाच्या भाड्याने ट्रॅक्टर बोलावला आणि त्याने सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत सगळा चिखल करून दिला. हे दरवर्षी होतं. म्हणजे टिलर शेतीसाठी ठेवलेला नाही, एवढं उघड आहे. मग ठेवला कशासाठी?

याचं उत्तर आमच्या कुंपणापलीकडे उभं आहे. मांडा-टिटवाळा महापालिकेत गेल्यापासून खाचरांवर मजले चढले. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये आमण्यापर्यंत येऊन पोहोचला. ज्यांची जमीन रस्त्यात गेली त्यांच्या दारात मोठ्या मोटारी आल्या, आणि त्या मोटारींच्या मागे अजून टिलर आहे. उलट मुंबईहून येऊन दहा-वीस गुंठे घेणाऱ्यांचं दुसऱ्या टोकाचं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं, 1948 च्या कूळकायद्याने तसं ठरवून ठेवलंय. ही मंडळी कुठूनसा तो दाखला पैदा करतात आणि मग तो खरा वाटावा म्हणून आधी टिलर घेतात, त्याला हार घालतात, त्याच्यासोबत फोटो काढतात. दुसऱ्या पावसाळ्यात तोच टिलर आण्णांकडे सल्ल्यासाठी येतो आणि तिसऱ्यात सुट्या भागांसाठी. सातबाऱ्यावर नाव असेल तो शेतकरी, हे सरकारचं म्हणणं. आळीचं म्हणणं वेगळं आहे. ज्याच्या दारात टिलर आणि नखात ग्रीस तो शेतकरी. सातबारा कपाटात असतो, तो कोणी येता-जाता बघत नाही. टिलरचा धूर स्टेशनावरून दिसतो.

म्हणून यंदा बिल्डरचा माणूस घरी आला तेव्हा मला उत्सुकता होती. घराची जागा आणि मागचं खाचर मिळून चांगला भाव त्याने सांगितला, वर दोन फ्लॅट. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. वहिनींनी चहा दिला, चांगल्या कपात, म्हणजे घरात विचार झालेला होता.

"पार्किंग किती?" आण्णांनी विचारलं.

"एका फ्लॅटला एक. दोन मिळतील. गाड्या कोणत्या आहेत?"

"मुलाची मोटार. आणि हा."

बिल्डरच्या माणसाने खिडकीतून बाहेर पाहिलं. जांभळाखाली हेड खोललेलं होतं. पुतण्या डिझेलमध्ये व्हॉल्व्ह धूत होता आणि जावई उभा होता.

"काका, तो भंगारात द्या ना. किलोवर चांगले पैसे येतील. पाहिजे तर मी माणूस पाठवतो."

"टिलरला पार्किंग नसेल तर सही नाही," आण्णा म्हणाले.

त्याने वकिलाला फोन लावला. वकिलाने गाडीचा नंबर विचारला. नंबर नव्हता. मॉडेल विचारलं. तेही सांगता येईना. निदान रंग तरी सांगा म्हणाला, त्यावर घरात दोन मतं पडली. शेवटी करारनाम्याच्या मसुद्यात 'एक चारचाकी व एक कृषी अवजार' असं लिहायचं ठरलं आणि तो सुटकेचा निःश्वास टाकून उठला.

"आणखी एक अट आहे," दारापर्यंत गेल्यावर वहिनींनी त्याला हाक मारली. "पार्किंगला उतार नको. उतारावर त्याला डावं-उजवं कळत नाही, आणि यांना सांगितलेलं ऐकू येत नाही."

त्याने तेही लिहून घेतलं.